पडद्यावरचा स्फोट आणि हातातला फटाका

इब्रातल्या आमच्या मराठी वर्गात सध्या दोन पक्ष पडले आहेत. एक मुलांचा, दुसरा आम्हा पालकांचा. भांडणाचे कारण म्हणजे 'टायगर ३'. चित्रपट २०२३ सालचा, पण तीन-चार कुटुंबांनी मिळून तो नुकताच एका घरी टीव्हीवर पाहिला. मुले म्हणाली, "काय फायटिंग आहे!" आम्ही म्हणालो, "सगळे खरे, पण गोष्ट कुठे आहे?" भारतातून आलेल्या एका आजींनी तर विचारले, "ह्यांना हळू बोलता येत नाही का रे?" सर्वात लहान प्रेक्षक दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. आत जाऊन झोप म्हटले तर उठायला तयार नाही. "आवाजाची भीती वाटते, पण पुढे काय होतं ते बघायचंय!"

'एक था टायगर' २०१२ साली आला, 'टायगर जिंदा है' २०१७ साली आणि त्यानंतर हा तिसरा. पुढचा भाग काढायचा म्हणजे मागच्यापेक्षा मोठे काहीतरी दाखवावे लागते. मागे एक गाडी उडाली असेल तर आता दहा उडाल्या पाहिजेत! त्यात गोष्टीला जागा कमी पडते, ही आमची तक्रार. मुलांचे उत्तर असे, की गोष्ट पुस्तकातही वाचता येते, उडणारी गाडी वाचता येत नाही. हे उत्तर आम्हाला अगदीच टाकाऊ वाटले नाही.

पण खरा वाद पेटला तो मालेगावच्या हकिकतीवरून. हा चित्रपट १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्रदर्शित झाला. त्या रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावच्या मोहन टॉकीजमध्ये काही प्रेक्षकांनी खेळ चालू असताना आतच फटाके लावले. रॉकेट खुर्च्यांवरून उडाले, लोक जीव मुठीत धरून पळाले. सुदैवाने मोठा अनर्थ टळला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी खुद्द सलमान खानने हे धोक्याचे आहे, स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात न घालता चित्रपटाचा आनंद घ्या, असे आवाहन केले. 'मुळशी पॅटर्न'वरून निघालेल्या 'अंतिम'च्या वेळी, २०२१ सालीही त्याने अशीच विनंती केली होती.

हे ऐकून एका मुलाने विचारले, "त्यांना मजा आली, कोणाला लागलं नाही, मग चुकलं काय?"

प्रश्न सरळ होता, म्हणून आम्हीही नीट विचार केला. मालेगावला नुसती नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. ते यंत्रमागांचे गाव. आठवडाभर मागाच्या खडखडाटात काम करणाऱ्या माणसाला इथल्यासारखी शुक्रवारची सुट्टी असते आणि सुट्टी म्हणजे सिनेमा. तिथल्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' गावातच बनवला. पैसा नाही म्हणून सायकलवर कॅमेरा ठेवून दृश्ये टिपणारी ही मंडळी! त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाचा सुंदर माहितीपटही निघाला. अशा गावात प्रेक्षकाने शिट्ट्या माराव्यात, टाळ्या पिटाव्यात, नाणी उधळावीत, हे आम्ही समजू शकतो. चारशे माणसे एकदम ओरडतात तेव्हा जी मजा येते ती घरच्या टीव्हीपुढे येत नाही.

पण शिट्टी आणि फटाका यांत फरक आहे. शिट्टीने शेजाऱ्याचे फार तर कान दुखतील. फटाका लागला तर त्याला पळावे लागते, आणि अंधारात, गर्दीत, अरुंद दारातून पळणे किती भयंकर असते! १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये 'बॉर्डर' चालू होता. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर बाल्कनीत शिरला. तिथला एक रस्ता जादा खुर्च्या बसवून बंद केलेला होता. ५९ माणसे गेली, बहुतेक गुदमरून. हैदराबादला ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री 'पुष्पा २'च्या पहिल्या खेळाला तर आगही नव्हती, नुसती चेंगराचेंगरी झाली. तीत एका आईचा जीव गेला आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला.

पडद्यावरचा स्फोट घडवताना जाणकार माणसे आधी अंतर मोजतात, आग विझवायची तयारी ठेवतात, उरलेले संगणकावर करतात. आपल्याला भीती वाटावी पण कोणाला इजा होऊ नये, यासाठी हा सारा खटाटोप असतो. आपला छोटा प्रेक्षक कानांवर हात ठेवून बसू शकला, कारण आपल्याला काही होणार नाही हे त्याला ठाऊक होते. थिएटरात फटाका लावणारा नेमका तोच विश्वास मोडतो. बाकीच्यांनी तिकीट सिनेमाचे काढलेले असते, आगीचे नव्हे. म्हणून, मित्रा, कोणाला लागले नाही हे नशीब, पण चुकले ते चुकलेच.

जाता जाता एक गंमत. इथे दारांवर हिरव्या पाट्या असतात, त्यांवर अरबीत 'मखरज' म्हणजे बाहेर जायचा रस्ता असे लिहिलेले असते. सिनेमाच्या दिग्दर्शकाला अरबीत 'मुखरिज' म्हणतात. अरबीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे दोन्ही शब्द कागदावर अगदी सारखे दिसतात! मुलांनो, पुढच्या सुट्टीत मस्कतला किंवा भारतात मोठ्या पडद्यावर सिनेमा पाहाल तेव्हा मुखरिजचे नाव येण्याआधी मखरज कुठे आहे ते बघून ठेवा. मग खुशाल शिट्ट्या मारा. आम्हीही कानात कापूस घालून शेजारी बसू!