क्षौरानंतर

एकाची जळते दाढी, दुसरा तिच्यावर पेटवू पाहतो विडी, अशी आपल्याकडे म्हण आहे. दाढी केल्यावर ज्यांचे गाल खरोखरच जळतात त्यांना ती इतरांपेक्षा जरा अधिक कळते. मी त्या जातकुळीचा. आमच्या गावचा म्हालो माझ्या तोंडाला साबण लावतानाच म्हणायचा, "भुरग्याची कात रे तुजी!" आणि मग नेहमीपेक्षा हलक्या हाताने वस्तरा चालवायचा.

बाबांचे तसे नव्हते. तुरटीचा ओला खडा गालांवरून फिरवला की त्यांची दाढी संपली. गल्फाहून आलेल्या शेजाऱ्याने दिलेली विलायती लोशनची बाटली कपाटात वर्षानुवर्षे सीलबंद राहिली. पाहुण्यांना दाखवायच्या वस्तूंत तिची गणना होती. तुरटी त्यांना मानवली, मला नाही, यात कोणाचा पराक्रम नाही. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम आणि पोटॅशियम यांचे सल्फेट. ती रक्तातली आणि कातडीतली प्रथिने गोठवते, म्हणून कापलेल्या जागेचे रक्त थांबते आणि त्वचा आवळल्यासारखी वाटते. जंतूंनाही ती आवर घालते. पण त्याचबरोबर त्वचेला कोरडी करते, आणि जिची वरची पापुद्री पात्याने नुकतीच खरवडून निघाली आहे तिला हे आवळणे सोसेलच असे नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३ च्या पितृपक्षात, मी उज्जैनला गेलो. सिद्धवटावर त्यांचे श्राद्ध करायचे होते. उज्जैनच का, तर त्यांना ते गाव पाहायचे होते आणि राहून गेले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सांगताना जणू सुखटणकर आमच्या शेजारच्याच वाड्यावर राहत होते असा त्यांचा स्वर असे.

सिद्धवट क्षिप्रेच्या काठी, भैरवगडाजवळ. गुरुजींनी आधी क्षौर सांगितले. घाटावरच्या न्हाव्याने पाते नवे घातले, ते माझ्यासमोर मोडून अर्धे केले, तिथवर सगळे ठीक. पण साबण नाही, ऊन पाणी नाही. नदीचे गार पाणी डोक्याला, मिशीला, गालांना चोपडले आणि चार मिनिटांत मी गुळगुळीत झालो. अथर्ववेदात क्षौराचे एक सूक्त आहे आणि त्यात वायूला चक्क ऊन पाणी घेऊन येण्याची विनंती आहे. केस मऊ केल्याशिवाय वस्तरा लावू नये हे ज्ञान इतके जुने! शेवटी सगळ्या यजमानांसाठी असलेला एकच तुरटीचा दगड माझ्याही डोक्यावरून आणि गालांवरून फिरला. ओरखड्यांवरून असा सामायिक दगड फिरणे बरे नव्हे. रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारख्या रोगांना तेवढे निमित्त पुरते. पण पिंड मांडून झाले होते, गुरुजी हाका मारत होते.

दुपारपर्यंत मानेवर आणि हनुवटीखाली लाल पुरळ उठले. उतरलो होतो तिथले घर मराठी, चार-पाच पिढ्या उज्जैनात असलेले. तिथल्या काकू मला बघून म्हणाल्या, "अहो, दाढी कुठे बनवलीत? किती लाल झालात!" आमच्याकडे दाढी करतात, त्यांच्याकडे बनवतात, एवढ्याशा क्रियापदात माळव्याचा सगळा मुक्काम दिसतो. त्यांनी मुलतानी माती आणि गुलाबपाणी पुढे केले. मी नको म्हटले. मुलतानी माती तेल शोषून घेते, आणि माझ्या त्वचेत शोषण्यासारखे त्या दिवशी काही उरले नव्हते. शिवाय गुरुजींनी बजावले होते, आज तेल नको, अत्तर नको. शेवटी स्वच्छ पंचा गार पाण्यात बुडवून, पिळून, दहा-दहा मिनिटे गालांवर ठेवत बसलो. ते मात्र लागू पडले.

संध्याकाळी काकांबरोबर औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवर आल्या त्या तीन वस्तू. पहिली, नेहमीचे झोंबणारे लोशन. त्यात मुख्यत्वे अल्कोहोल. त्वचेत उष्णता ओळखणारे जे ग्राहक असतात त्यांचा उंबरठा अल्कोहोल खाली आणते. अंगाचीच ऊब मग त्यांना चटका वाटते. झोंबले म्हणजे काम करते, हा आपल्या पुरुषजातीचा समज तिथूनच आला असावा. दुसरी, पुदिन्याच्या सत्वाची निळी जेल. तिची गार झुळूकही भासच. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना हुलकावणी देते, कातडीचे तापमान काही उतरत नाही.

तिसरी वस्तू दुकानदाराने न विचारता काढली. एक छोटी ट्यूब. "सब यही लगाते हैं, एक रात में साफ." उलटून वाचले तर स्टेरॉइड, त्यात जोडीला बुरशीचे आणि जंतूंचे औषध. रात्रीत लाली जाईल हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण चेहऱ्याला अशा मलमाची सवय लागली की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, आणि सोडले की आधीपेक्षा जास्त भडकते. आपल्या देशात हा प्रकार इतका बोकाळला की २०१८ साली केंद्र सरकारने अशी कितीतरी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. चिठ्ठी मला कोणी विचारली नव्हती. काका हिंदीत दोन शब्द बोलले, आणि आम्ही गंध नसलेली साधी मॉइश्चरायझरची ट्यूब घेऊन परतलो. ती मी दुसऱ्या दिवशी लावली, कार्य उरकल्यावर.

गंध नसलेली. उज्जैनात बसून हे मागणे म्हणजे थोडा उद्धटपणाच, कारण वराहमिहिर या अवंतीचा. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ असा स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात हा ज्योतिषी सुगंधाचेही गणित मांडतो: सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर मिश्रणे किती? १८२०. प्रमाणांची अदलाबदल धरली की आकडा १,७४,७२० वर जातो. मला हा अध्याय फार आवडतो. पण नाजूक त्वचेच्या माणसाने तो वाचावा, लावू नये. सौंदर्यप्रसाधनांनी होणाऱ्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्ये पुढच्या रांगेत असतात. युरोपात २००५ पासून अशा २६ द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे भाग पडले, २०२३ च्या नियमाने ती यादी ऐंशीच्या वर गेली. आपल्याकडे बहुधा ‘परफ्यूम’ एवढ्या एका शब्दात सारा गंधार्णव आटोपतो. आणि ‘वास येत नाही’ म्हणजे ‘सुगंधी द्रव्य नाही’ असे नव्हे. मूळचा वास झाकायलाही गंध घालतात. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हाच शब्द वेष्टनावर शोधायचा. ‘नैसर्गिक’ या शब्दाने तर मुळीच हुरळू नये, चंदनाचे तेलही काहींना सोसत नाही.

निघायच्या दिवशी महाकालाचे दर्शन घेतले. गर्भगृह सर्वसामान्यांना बंद होते, लांबूनच हात जोडले. इथे मला आठवला तो सर्वोच्च न्यायालयातला खटला. शतकानुशतकांच्या पंचामृताने आणि हात लावून चोळण्याने लिंगाची झीज होते आहे, अशी तक्रार होती. पुरातत्त्व आणि भूविज्ञान खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. २०१७ मध्ये मंदिर समितीने उपाय मांडले: अभिषेकाला शुद्ध केलेले पाणी, तेही माणशी अर्धा लिटर, साखरेची पूड बंद, भस्मारतीच्या वेळी लिंगावर सुती कापड. २०२० च्या निकालाने तूप, दही, मध चोळायलाही मनाई झाली. भक्तीने लावलेल्या प्रत्येक गोष्टीचा तिथे हिशेब झाला आणि शेवटी पाणी, दूध, सुती कापड उरले. काका म्हणाले, "बघा, तुमचा पंचाच निघाला." मला हसू आवरेना. बाबा बरोबर असते तर त्यांना हे काही फारसे पटले नसते.

आता गोव्यात परत आल्यावरची व्यवस्था सांगतो, कारण लोक विचारतात. आंघोळीनंतर, केस मऊ असतानाच दाढी. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने, एकाच जागी पुन्हा पुन्हा नाही. मग गार पाणी, टिपून कोरडे करणे, आणि ओलसरपणा असतानाच ग्लिसरीन, पँथेनॉल असलेला बिनवासाचा पातळ बाम. आमच्या दमट हवेत घट्ट क्रीम नको वाटते. माळव्याच्या थंडीत तेच हवे. खोबरेल मी मानेवर लावत नाही, तिथे पुटकुळ्या येतात. पू धरला किंवा लाली आठवडाभर हटली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे.

भाच्याला नुकतीच मिसरूड फुटली आहे. "मामा, कुठलें लोशन घेवं?" असे त्याने गेल्या आठवड्यात विचारले, आणि स्वतःच एक हिरवी बाटली घेऊन आला. ती मी जप्त केली नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत रोज दोनदा, सात दिवस लावून बघ, मग चेहऱ्याचे बोलू, असे सांगितले. आज चौथा दिवस. काल संध्याकाळी तो हात खाजवत होता.