मूठभर मक्याने वाचवलेला पक्षी

हिवाळ्यातल्या सहलीचा विषय निघाला की आपली पावले सहसा उबदार मुलखाकडे वळतात. ऐन जानेवारीत, जिथे पहाटे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, अशा ठिकाणी कोणी हौसेने जाईल का? पण जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर दूरदूरच्या देशांतून माणसे नेमकी याच दिवसांत येतात. त्यांना ओढ असते ती तिथल्या दुर्मिळ पक्ष्यांची.

बेटाच्या पूर्व भागात कुशिरो नावाचे शहर आहे आणि त्याच्या उत्तरेला मैलोनमैल पसरलेली दलदल. या दलदलीच्या कडेला त्सुरुइ हे शेतकरी आणि गोपालकांचे गाव वसले आहे. ‘जिथे क्रौंच असतात ते ठिकाण’ असा या नावाचा अर्थ. गावाजवळून वाहणारी सेत्सुरी नदी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. पहाटे तिच्या पाण्यातून वाफा निघतात, काठावरची झाडे हिमकणांनी पांढरी होतात आणि त्या धुक्यात, उथळ पाण्यात क्रौंचांचे थवे उभे दिसतात. कोल्ह्यासारख्या शत्रूपासून बचाव व्हावा म्हणून ते रात्र पाण्यातच काढतात. ओतोवा पुलावर छायाचित्रकार उजाडण्याआधीच जागा धरून उभे असतात.

या क्रौंचाला जपानी भाषेत ‘तांचो’ म्हणतात. आपल्या सारस पक्ष्याचा हा भाऊबंद. उंची साडेचार फुटांहून अधिक, अंग शुभ्र, मान काळी आणि डोक्यावर कुंकवाचा टिळा लावावा तसा लाल ठिपका. जोडी जमली की नर-मादी बर्फावर नाचू लागतात. पंख पसरून उड्या मारतात, माना झुकवतात आणि एकमेकांच्या सुरात सूर मिसळून साद घालतात. एकदा जुळलेली जोडी सहसा मोडत नाही. म्हणूनच जपानी नववधूच्या किमोनोवर क्रौंच भरतात. १९८४ साली निघालेल्या हजार येनच्या नोटेवरही क्रौंचांची जोडी होती.

संपला असे वाटले होते

इतके प्रेम असूनही हा पक्षी एकेकाळी जवळजवळ नाहीसा झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकीने त्याचा बेसुमार संहार केला. पाणथळ जागा बुजवून शेती झाली. तांचो होक्काइदोतून संपला असेच लोक समजून चालले होते. मात्र १९२४ साली कुशिरोच्या दलदलीत थोडेसे क्रौंच तग धरून असल्याचे आढळले. १९३५ मध्ये त्यांना नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला, तरी संख्या काही वाढेना. हिवाळ्यात दलदल गोठली की त्यांची उपासमार होई.

मग १९५० च्या सुमारास अकान आणि त्सुरुइ भागातल्या शेतकऱ्यांनी भुकेल्या पाखरांपुढे मका टाकायला सुरुवात केली. कुणी मोठी योजना आखली नव्हती. दारात आलेल्या उपाशी जिवाला घास द्यावा, एवढाच तो भाव. १९५२ मध्ये मोजणी झाली तेव्हा अवघे ३३ पक्षी होते. आज होक्काइदोत १,८०० हून अधिक तांचो आहेत. १९८० साली कुशिरोची दलदल जपानची पहिली रामसर पाणथळ जागा ठरली आणि १९८७ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली.

घास देणे सोपे, थांबणे कठीण

गोष्ट इथे गोड शेवटावर संपायला हवी, नाही का? पण दाणे टाकण्याच्या मोजक्या जागांवर शेकडो पक्षी एकत्र येऊ लागले, तेव्हा नवी काळजी उभी राहिली. अशा गर्दीत साथीचा रोग शिरला तर? शिवाय माणसाची भीती गेल्यामुळे क्रौंच गोठ्यांत शिरून गुरांचे खाद्य खाऊ लागले, कोवळी पिके तुडवू लागले. म्हणून २०१५ पासून जपान सरकारने दाण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतले. पक्ष्यांनी पांगावे, ओढ्यानाल्यांतून आपले अन्न आपण शोधावे, हा हेतू. पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालणाऱ्या घरांना हे स्वीकारणे सोपे नाही. मूल मोठे झाले की त्याला घराबाहेर पाठवताना आईचा जीव जसा खालीवर होतो, तसेच काहीसे हे.

याच भागात आणखी दोन दुर्मिळ पक्षी दिसतात. फेब्रुवारीत ओखोत्स्क समुद्रातून तरंगत येणाऱ्या हिमखंडांवर, राउसु बंदराजवळ, स्टेलरचे समुद्री गरुड बसलेले असतात. त्यांच्या पंखांचा विस्तार आठ फुटांपर्यंत भरतो. दुसरे ब्लॅकिस्टनचे मत्स्यघुबड, जगातल्या सर्वांत मोठ्या घुबडांपैकी एक. इथले मूळ रहिवासी ऐनू लोक त्याला गावाचा राखणदार देव मानतात. जंगलतोडीत जुनी पोकळ झाडे गेल्यामुळे त्याच्यासाठी माणसांना झाडांवर पेट्यांची घरटी बांधावी लागली.

आपल्या भरतपूरला सायबेरियन क्रौंच २००२ च्या हिवाळ्यात अखेरचे दिसले, त्यानंतर ते आलेच नाहीत. ते आठवले की त्सुरुइच्या शेतकऱ्यांच्या मुठीतल्या मक्याचे मोल कळते.

तुम्हाला जायचे असेल तर डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. तोक्योहून कुशिरोला विमान जाते. गंमत म्हणजे त्या विमानतळाच्या नावातही ‘तांचो’ आहे! लोकरीचे भरपूर कपडे, जाड मोजे आणि दुर्बीण सोबत घ्या. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या खिशात उबेला ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात. शेतांच्या कुंपणाआत जाऊ नका. आणि कितीही मोह झाला तरी क्रौंचांपुढे खाऊ टाकू नका. त्यांना आता आपल्या पायावर उभे राहायचे आहे.