दहाच्या नाण्याएवढं कासव



आपल्याकडे आठवणी लिहायच्या म्हटलं की दांडिया बाजारचे गणपती, जुने वाडे, सुरसागरच्या काठावरच्या संध्याकाळी असंच सगळं येतं. मी आज एका कासवाबद्दल लिहिणार आहे. मी बडोद्यातच जन्मले, इथेच प्राणिशास्त्र शिकले आणि एकतीस वर्षं इथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. शाळेत मी ‘बेन’, सोसायटीत ‘बाई’. कोणाच्या न्हाणीघरात पाल निघो की बागेत धामण, पहिला फोन मला येतो.

तसं बडोदेकराला सरपटणाऱ्या प्राण्यांचं नवल नाही. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी शेकड्यांनी आहेत. पुलाखाली ऊन खात पडलेली मगर दिसली तर आपण स्कूटरही थांबवत नाही. मुंबई-पुण्याचे पाहुणे मात्र डोळे विस्फारतात. कासव तर आपल्या घरचंच. देवळात गेलं की देवाच्या आधी जमिनीतल्या दगडी कासवाला हात लावायचा, ही शिस्त लहानपणापासूनची. आणि याच गावात जिवंत कासव काचेच्या वाडग्यात घालून ‘लकी’ म्हणून विकलं जातं, ते महिन्या-दोन महिन्यांत मरतं आणि कोणाला काही वाटत नाही.

आमच्या अकोट्याच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. आजी, मुलगा-सून आणि नातू. आजींना सगळे माई म्हणतात. २०१६ च्या दिवाळीआधी त्यांच्या मुलाला कोणीतरी सांगितलं की घरात उत्तर दिशेला पाण्यात कासव ठेवलं की धंद्याला बरकत येते. पितळेचं आणलं असतं तरी चाललं असतं. पण नातू तेव्हा आठ वर्षांचा. त्याला जिवंतच हवं होतं. बापलेक जाऊन जोडी घेऊन आले. हिरवीगार पिल्लं, दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी, डोळ्यांमागे लाल पट्टा. नावं पडली नंदू आणि चंदू.

दुकानदारानं सोबत दिलं काय? एक प्लास्टिकचा डबा, त्यात मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि वाळलेल्या झिंग्यांची एक बाटली. सांगितलं काय? रोज चिमूटभर टाका, एवढीच राहतात, मोठी होत नाहीत.

यातलं एकही वाक्य खरं नाही.

हे लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादी पुरी वाढली की जेवणाच्या ताटलीएवढी होते, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगते. त्याला पोहायला खोल पाणी लागतं, पाण्याबाहेर येऊन अंग कोरडं करायला जागा लागते, आणि ऊन लागतं. ऊन ही चैन नाही. कासव काय, साप काय, घोरपड काय, यांच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते. बाहेरची ऊब मिळाली तरच खाल्लेलं पचतं, नाहीतर ते पोटातच कुजतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच कॅल्शियम अंगी लागतं. म्हणजे ऊन नाही तर कॅल्शियम नाही, आणि कॅल्शियम नाही तर पाठ मऊ पडते. कासवाची पाठ म्हणजे त्याचा सांगाडाच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही कामाचं नाही. काच नेमके तेच किरण अडवते.

जानेवारीत बडोद्याला थंडी पडली आणि नंदू एका सकाळी तरंगताना दिसला. मुलाला सांगितलं, तो देवाकडे गेला. चंदू राहिला, पण आठ दिवस खात नव्हता. तेव्हा माईंनी मला हाक मारली.

मी हातात घेतला तर पाठ अंगठ्याखाली दबत होती, पापडासारखी. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. नुसते वाळलेले झिंगे खाऊन अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळे असे होतात. डोळे उघडत नाहीत म्हणून अन्न दिसत नाही, दिसत नाही म्हणून खात नाही. घरातले समजत होते तो झोपतोय.

इथे मला थांबून एक सांगावंसं वाटतं. कुत्रं उपाशी राहिलं तर केकाटतं, मांजर पायात घोटाळतं, पोपट घर डोक्यावर घेतो. कासव काही बोलत नाही. ते महिनोन् महिने उपाशी राहू शकतं, आजारी राहू शकतं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत साधारण तसंच दिसतं. दुकानात ते ‘ठीक’ दिसतं, घरी येऊन मरतं, आणि दोष घरातल्या पोरावर येतो की तू नीट सांभाळलं नाहीस. खरं तर त्याचं मरण दुकानातच सुरू झालेलं असतं. आपल्या संतांनी कासवीचा दृष्टान्त दिला, ती म्हणे पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते. दृष्टान्त मायेचा आहे, सुंदर आहे. पण या दुकानदारांनी तो अक्षरशः घेतलेला दिसतो. नुसतं बघायचं, आणि पिल्लानं वाढायचं!

मी नातवाला घेऊन त्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही. तसली दुकानं एकच नाहीत. एसी लावलेला. काउंटरवर काचेचा वाडगा, त्यात पंधरा-वीस पिल्लं, पाणी बोटभर आणि गढूळ. चढायला दगड नाही, म्हणून एकमेकांच्या पाठीवर चढत होती. वरचं पाय झाडायचं आणि पुन्हा खाली पडायचं. एक पोरगा चहाच्या गाळणीनं वाडग्यातून काही काढत होता. मेलेलं पिल्लू होतं. त्यानं ते कचऱ्याच्या बादलीत टाकलं आणि गाळणी पुन्हा खिळ्याला अडकवली. मागच्या बाजूला एक इग्वाना, पक्ष्याच्या पिंजऱ्यात, शेपटीचं टोक काळं पडलेलं. फळीवर मिठाईच्या प्लास्टिक डब्यासारखा डबा, झाकणाला भोकं, आत गुंडाळी करून बॉल पायथन. अंगावरची कात तुकड्या-तुकड्यांनी चिकटून राहिली होती. हवा कोरडी असली की कात एकसंध निघत नाही. आत पाण्याची वाटीही नव्हती.

मी चंदू दाखवला. दुकानदार अजिबात रागावला नाही. उलट प्रेमानंच म्हणाला, “बेन, मरी जाय तो बीजुं लई जजो. सस्तुं छे.”

नातवानं चंदूला छातीशी धरलं. त्याला गुजराती आपल्यासारखंच येतं, सगळं समजलं होतं.

मी विचारलं, मोठं होत नाही असं का सांगता? तर तो मोकळेपणानं म्हणाला की ताटलीएवढं होतं सांगितलं तर घेणार कोण? आणि बरेचसे कुठे मोठे होतात! त्याच्या हिशोबात खोट नव्हती. पिल्लू स्वस्तात येतं, निम्मी मेली तरी फायदा सुटतो, आणि मेलं की गिऱ्हाईक दुसरं न्यायला परत येतं. जगवण्यात त्याचा तोटा आहे. मी निघताना त्यानं हळूच विचारलं, “स्टार जोईए? पाछळ छे.” स्टार म्हणजे आपलं देशी चांदण्यांचं कासव, कच्छ-सौराष्ट्रातलं. ते विकणं आणि पाळणं, दोन्ही गुन्हा. मी घरी येऊन वनखात्याला फोन केला. माणसं गेली, पण तोवर मागे काही नव्हतं.

चंदूला जगवायला डॉक्टर शोधायला लागले. पहिले दोघे म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. तिसऱ्यानं हात लावला. औषध, डोळ्यात थेंब, आणि मुख्य म्हणजे राहणी बदला. दिव्याचा आणि टाकीचा खर्च कासवाच्या कितीतरी पट. मुलगा कुरकुरला. मी म्हटलं, दिवा राहू दे, गच्ची आहे ना? बडोद्यात ऊन फुकट आहे. एक मोठं टब, त्यात एका बाजूला विटांचा चढ, अर्ध्या टबावर सावली, कारण नुसत्या उन्हात ते भाजूनही मरतं. जेवायला पालक, माठ, गांडुळं, अधूनमधून समुद्रफेस. पाणी एक दिवसाआड बदलायचं. आणि कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, कारण त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. अमेरिकेत लहान मुलं याच पिल्लांमुळे आजारी पडायची, म्हणून तिथे १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव विकायला बंदी आहे. मग तिथली पिल्लं बाहेरच्या देशांत निघाली. युरोपनं १९९७ मध्ये आयात बंद केली. आपल्याकडे दुकानं भरली.

सहा आठवड्यांनी डोळे उघडले. पाठ कडक व्हायला जवळपास वर्ष लागलं, आणि ती थोडी वेडीवाकडीच राहिली. चार वर्षांनी कळलं की चंदू ही चंदा आहे. पुढच्या पायाची नखं नरासारखी लांब झालीच नाहीत, अंग मात्र वाढत गेलं. पुढे ती विटांवर येऊन माती उकरायला बघायला लागली तेव्हा वाळूचा ट्रे ठेवला. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकून मरते. हे दुकानात कोण सांगणार?

माईंचं मात्र पहिल्यापासून एकच म्हणणं. “बाई, मुक्या जिवाला कोंडून ठेवायचं पाप कशाला? सुरसागरात सोडू. पुण्य लागेल.” त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला, त्यामुळे भांडणही नीट करता येईना. मी सांगत राहिले की माई, ही इथली नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत हिचं नाव आहे. विश्वामित्रीत आपली मऊ पाठीची देशी कासवं आहेत; त्यांचं अन्न ही खाईल, उन्हाच्या जागा ही बळकावेल, रोग देईल. एकटी सोडली तर एक, पण गावातल्या प्रत्येक माईनं एकेक सोडली तर? माई गप्प बसायच्या आणि महिन्याभरानं पुन्हा तेच.

मग २०२४ चा ऑगस्ट आला. तुमच्यापैकी बडोद्यात जे होते त्यांना सांगायला नको. विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून घराघरात शिरली. अकोट्यात आमच्या फाटकापाशी कमरेएवढं पाणी. मगरी रस्त्यांवर, अंगणांत. वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक त्यांना उचलून नेत होते. चंदाचा टब तेव्हा पावसामुळे गच्चीवरून खाली मागच्या अंगणात आणलेला होता. वीज गेलेली, मुलगा कामानिमित्त सुरतला, सून कागदपत्रं आणि गॅसच्या मागे. अंधारात टॉर्च घेऊन मी जिन्यावर उभी होते. बघते तर माई, पंचाहत्तरीच्या, लुगडं गुडघ्यावर खोचून पाण्यातून येताहेत, काखेत पितळी परात, परातीत ओल्या टॉवेलात गुंडाळलेली चंदा. नातू मागून ओरडतोय, आजी मला दे. त्या देईनात.

वर आल्यावर धापा टाकत म्हणाल्या, “टब तरंगायला लागला होता. गेली असती नदीत. तुम्ही म्हणता ना, हिला जाऊ द्यायचं नाही.”

पाणी उतरेपर्यंत चंदा माझ्या न्हाणीघरात होती. सुरसागरचा विषय त्यानंतर माईंनी काढला नाही.

आता नातू सतरा वर्षांचा झालाय. बारावीनंतर पुण्याला जायचं म्हणतोय. परवा विचारत होता, “बाई, मी गेल्यावर चंदाचं काय?” वडील म्हणतात बघू. माईंची शहात्तरी उलटली. माझे गुडघे जिना चढायला नाही म्हणतात. आणि चंदाची अजून पंधरा-वीस वर्षं आहेत. दुकानातल्या पाच मिनिटांच्या हौसेचा हिशोब असा तीन पिढ्यांच्या गळ्यात येऊन पडतो. उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नाही. तूर्त त्यानं एका वहीत सगळं लिहून ठेवायला घेतलंय, काय खायला, किती ऊन, पाणी कधी. म्हणतो, ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे वही जाईल.

मंडळी, तुमच्या घरात वाढदिवसाला, वास्तुशांतीला असं काही आणायचं चाललं असेल तर पितळेचं कासव आणा. दुकानात गेलात तर नोंदणी दाखवा म्हणा; २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राणी विकणाऱ्या दुकानाला ती लागते. इग्वाना, बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी घरात असतील तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे. कोणी देशी कासव दाखवलं तर तिथे वाद घालू नका, बाहेर येऊन वनखात्याला फोन करा. दया येऊन ‘सोडवण्यासाठी’ विकत तर मुळीच घेऊ नका, वाडगा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो. आणि ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी टब आज गच्चीवर न्या. अर्ध्यावर सावली ठेवायला विसरू नका.