ठोका चुकवणारं इंजिन

घरी बनवलेल्या इंजिनाला सुटे भाग मिळत नाहीत. बोलायला सोपी गोष्ट, पण तिचा अर्थ नट खोलायला घेतल्यावर कळतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टूलरूममध्ये माझी हयात 'गो' आणि 'नो-गो' गेजवर गेली. गेज एका बाजूने गेलं, दुसऱ्या बाजूने अडलं की भाग पास. तो कुणाच्या हातचा आणि पुढे कुठल्या इंजिनात बसणार, याच्याशी आम्हाला कर्तव्य नसे.

मेस्त्रींनी परसातल्या शेडमध्ये केलेलं हे इंजिन त्या शिस्तीत बसतच नाही. बोर २४ मिलिमीटर, स्ट्रोक ३० मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सीसी. नकाशा नाही, मापांची वही नाही. प्रत्येक भाग शेजारच्या भागाला लावून लावून, बसेपर्यंत घासलेला. कनेक्टिंग रॉडवर पंचाने मारलेले दोन ठिपके, त्याच्या टोपीवर तेच दोन. टोपी फिरवून बसवली तर क्रँक हलत नाही. त्यांच्या मुलाने मला ते बिस्किटाच्या डब्यात आणून दिलं, तेव्हा फ्लायव्हील बोटाने फिरवलं तर गरगर फिरत राहिलं. ऐकायला छान वाटतं, पण इंजिनाच्या बाबतीत हे वाईट लक्षण. कम्प्रेशन असतं तर ते अडायला हवं होतं.

इंजिन लहान केलं की सगळं त्याच प्रमाणात लहान होतं, असं वाटतं. तसं होत नाही. ८० मिलिमीटर बोर आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचं मोठं इंजिन घ्या, साधारण ५५३ सीसीचं. त्याच्या मानाने मेस्त्रींच्या सिलिंडरचा घेर एक-तृतीयांशाच्या आसपास आहे, पण आतली हवा चाळिसाव्या हिश्शापेक्षाही कमी. हवा गळते घेरावरून. म्हणजे पिस्टनभोवती तेवढीच फट राहिली, तर छोट्या इंजिनाला ती बारा पट महागात पडते. उष्णतेचंही तसंच. थोडासा जाळ आणि भोवती भरपूर थंड धातू. म्हणून छोट्या इंजिनात मायक्रॉनसाठी जीव टाकावा लागतो. लोक याला खेळणं म्हणतात, तेव्हा मी वाद घालत नाही.

बोर मधोमध पोट सुटल्यासारखा झिजला होता. तो लॅपने सरळ केला. लॅप अॅल्युमिनियमचा, उभा चिरलेला, निमुळत्या स्क्रूने फुगवता येणारा. नवख्या पोरांना इथे एक गोष्ट पटत नाही: लॅप कामापेक्षा मऊ हवा. कार्बोरंडमचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि तिथून बीड कापतात. लॅप कठीण केलात तर कण बीडात रुततात आणि लॅपच झिजतो. लेथ अगदी हळू ठेवायचा, सिलिंडर हातात धरायचा आणि सारखा मागेपुढे करत राहायचं. अरुंद जागा आली की सिलिंडर हातातून ओढला जातो, तेवढंच माप त्या क्षणी पुरतं. मग रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, आणि पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत पुन्हा साबण. हा भाग कंटाळवाणा आहे, पण उरलेली पूड नव्या रिंगा खाऊन टाकते.

रिंगांसाठी भंगारातून जुन्या लायनरचा तुकडा आणला. त्याचं बीड दाट आणि एकसारखं असतं. रिंग कातायची, एका जागी मोडायची, फटीत पिन घालून ताणलेल्या अवस्थेत काळपट लाल होईपर्यंत तापवायची आणि हळूहळू गार होऊ द्यायची. तो उघडा आकार तिच्या अंगात राहतो. २४ च्या बोरला तोंडाशी एक दशांश मिलिमीटर जागा पुरे. रिंग बोरमध्ये ठेवून मागे दिवा धरायचा, कडेने उजेड दिसता कामा नये. व्हॉल्व्हची परीक्षा आणखी गावठी: पोर्टला नळी लावून तोंडाने हवा ओढायची आणि जीभ लावायची. जीभ चिकटून राहिली की सीट बसली.

झीज ओळखणं सोपं असतं. अडचण येते ती दुसऱ्याची चूक आणि दुसऱ्याची निवड यांतला फरक ओळखताना. मेस्त्रींनी कॅम हातकानशीने घासला होता. अंशांची चकती लावून पाहिलं तर एक्झॉस्ट बीडीसीच्या, म्हणजे पिस्टन तळाला पोचण्याच्या, तब्बल साठ अंश आधी उघडत होता. मी पंचेचाळीस ठेवला असता. इतक्या लवकर उघडलं की उरलेला दाब वाया जातो. पण दाब शिल्लक असताना उघडतो, म्हणून आवाज मात्र खणखणीत येतो. या इंजिनाला पाणी उपसायचं नाही, पीठ दळायचं नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचे ठोके ऐकत म्हातारे झालेल्या माणसाने आवाजासाठी थोडी ताकद सोडली असेल, तर तो हिशेब माझ्या मते चुकीचा नाही. कॅम तसाच ठेवला.

इंजिन चालू झालं त्या दिवशी मुलगा समोरच होता. एक ठोका, मग नुसतंच फुस्स-फुस्स करत फ्लायव्हीलच्या जोरावर फिरणं, मग पुन्हा ठोका.

"काका, मधेच बंद पडतंय."

"बंद पडत नाही. मुद्दाम चुकवतंय."

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शेतांवर अशीच इंजिनं चालत. वेग वाढला की फ्लायव्हीलवरची वजनं बाहेर फेकली जातात, एक खटका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच अडकवून ठेवतो. मग सिलिंडरमध्ये ओढच निर्माण होत नाही. आणि इनलेटला तर कॅमच नाही, तो फक्त त्या ओढीनेच उघडतो. म्हणून पेट्रोलही आत येत नाही. वेग उतरला की खटका सुटतो आणि एक ठोका पडतो. वजनांची स्प्रिंग मी थोडी ढिली ठेवली, म्हणून ठोके लांब लांब पडतात.

त्याने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, हे मोटारसायकलसारखं सलग करता येईल का?

येईल. खटका काढून टाकायचा, कार्बोरेटरला थ्रॉटल बसवायचं, एका दुपारचं काम. कुणाकडून तरी करून घे म्हणालो, माझ्याकडून नाही.