थुकरटवाडीचा भाऊ

पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी आषाढीच्या तोंडावर आमच्या करकंबात मुक्कामाला येते. तिच्या मागं सावता माळ्यांचं अरण, पुढं होळे आणि मग पंढरपूर. ज्यांनी भारुडं रचली त्यांच्याच पादुका गावात असताना भारूड ऐकायला मिळावं, हे या गावाचं भाग्य. एक माणूस उठतो, खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून घेतो आणि सासुरवाशीण होतो. तोच पुढच्या घटकेला जोशी होतो, गारुडी होतो, वेडा होतो. पडदा नाही, नेपथ्य नाही. थोडक्या वेळात माणूस उभा करायचा, लोकांना पोटभर हसवायचं आणि हसता हसता एखादा काटा रुतवून बाजूला व्हायचं.

टीव्हीवर स्किट करणारा नट मला याच घराण्यातला वाटतो. मुंबई दूरदर्शनवर विनायक चासकरांचा ‘गजरा’ होता, पुढं झी मराठीवर ‘फू बाई फू’ आलं, २०१८ मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाली. प्रत्येकात गुणी माणसं होती आणि आहेत. पण करकंबच्या घराघरांत ज्याला सख्ख्या माणसाची जागा मिळाली तो नट म्हणजे भालचंद्र कदम, सगळ्यांचे भाऊ. १८ ऑगस्ट २०१४ ला ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि मार्च २०२४ मध्ये थांबलं. मधली जवळजवळ दहा वर्षं त्या कार्यक्रमातलं थुकरटवाडी नावाचं न असलेलं गाव आमच्या शेजारी वसल्यासारखं होतं.

वडील गेल्यावर घर चालवण्यासाठी भाऊंनी डोंबिवलीत पानाची टपरी चालवली. नाटकात लहानमोठी कामं करत बरीच वर्षं काढली आणि मग कुठं टीव्हीनं त्यांना हाक मारली. त्यांच्या चरित्रातला टपरीचा भाग लोक हळहळून सांगतात. मला तो वेगळ्या कारणासाठी मोलाचा वाटतो. पानमळ्यांचं गाव म्हणून टपरी आम्हाला जवळून ठाऊक आहे. टपरीवाला दिवसभर एका जागी उभा असतो आणि माणसं त्याच्यासमोर येऊन बोलत राहतात. उधारी मागं ठेवणारा, उगाच रुबाब करणारा, घरचं भांडण चुन्याबरोबर चोळणारा. भाऊंच्या कामात जे ऐकणं आहे ते तिथं मुरलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचं ऐकणं नीट बघण्यासारखं आहे. सहकलाकार कुशल बद्रिके अंगात वारं शिरल्यासारखे मंचभर फिरत असतात, बोलण्याचा धबधबा चालू असतो. भाऊ मात्र दोन्ही हात सैल सोडून उभे. मान किंचित खाली. समोरच्याचं वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पोचतं, आधी कपाळावर, मग डोळ्यांत, आणि तोवर प्रेक्षक हसायला लागलेले असतात. भाऊंचं वाक्य अजून यायचं असतं. आलं तरी अर्धं ओठांतच विरतं. दुसऱ्याच्या बोलण्यावर आपण हशा मिळवायचा आणि तो हशा समोरच्यालाही पुरवायचा, यासाठी नटाचं मन फार मोठं लागतं.

आमच्याकडं ‘चला हवा येऊ द्या’ हा सोमवार-मंगळवारचा रात्री साडेनऊचा कार्यक्रम. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत असली की गडीमाणसं निम्मं बघून बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघायची. राहिलेलं स्किट दुसऱ्या दिवशी बायकांकडून कळायचं. खुरपणाऱ्या बायका हातातलं खुरपं थांबवून भाऊंची मान, भाऊंचं पुटपुटणं करून दाखवायच्या आणि सगळी पात हसायची. टीव्हीवरचं सोंग असं पुन्हा माणसांच्या अंगात यायचं.

स्किट करणाऱ्या नटाचं जिणं तमाशातल्या सोंगाड्यापेक्षाही एका बाबतीत अवघड आहे. कवलापूरच्या काळू-बाळूंचे ‘जहरी प्याला’तले हवालदार लोकांनी वर्षानुवर्षं बघितले. ‘विच्छा माझी पुरी करा’चे दादा कोंडक्यांनी हजारावर प्रयोग केले. रोजच्या प्रयोगात भूमिका मुरते. काल कुठं हशा आला, आज कुठं थांबायचं, हे प्रेक्षकच शिकवतो. स्किटला दुसरा प्रयोगच नाही. संहिता हातात पडते, तालीम होते, चित्रीकरण होते आणि ते पात्र संपतं. पुढच्या आठवड्यात नवा माणूस नव्यानं उभा करायचा. अशी दहा वर्षं काढायची तर नटाच्या आत माणसांचा मोठा साठा लागतो, आणि तो फक्त जगून मिळतो. तरीही एखाद्या नाटकातली वा सिनेमातली भूमिका जशी नटाच्या नावावर कायमची राहते तशी यातली एकही राहत नाही. मोबाईलवर तुकडे फिरतात. त्यांवर ना लेखकाचं नाव असतं, ना सहकलाकारांचं. हे मला अन्यायाचं वाटतं.

त्या कार्यक्रमातलं मला खटकायचं तेही सांगितलं पाहिजे. कुणाचा काळा रंग, कुणाची जाडी, कुणाची उंची यावर जे विनोद व्हायचे ते मला आवडले नाहीत. भाऊंच्या रंगावरचे तर नाहीच. ते हसून सोडून द्यायचे, पण घराघरांत तशा रंगाची पोरं बसलेली असतात. पुरुषानं साडी नेसली एवढ्यावर हशा मागणारी स्किटंही तितकीच उणी. भारुडात पुरुष बाई होतो तो सासरचा जाच तिच्या तोंडून सांगण्यासाठी. भाऊंनी साडीतही ज्या वेळी एखादी खरी, दमलेली, नवऱ्यावर वैतागलेली बाई उभी केली, त्या वेळी ते नाथांच्या फार जवळ गेले.

आणि त्याच मंचावर पोस्टमनकाकाही यायचे. अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र सागर कारंडे वाचायचे. घटकाभरापूर्वी लोळून हसवणारा नट खाकी कपड्यात उभा राहून शेतकऱ्याच्या घरातलं दुःख वाचतो आणि कुणालाही ते उपरं वाटत नाही, कारण हसू आणि रडू आमच्या कीर्तनातसुद्धा एकाच बैठकीत असतं. भाऊंनाही दुसऱ्या अंगानं बघायचं असेल तर २०१९ चा ‘नशीबवान’ बघावा. उदय प्रकाश यांच्या ‘दिल्ली की दीवार’ या हिंदी कथेवरून अमोल गोळे यांनी केलेला. त्यातला सफाई कामगार भाऊंनी असा केलाय की विनोदी नट गंभीर झाला, असं म्हणायची वेळच येत नाही. मान तीच, हात तसेच सैल. फक्त या वेळी हसू येत नाही.

आता शाळांच्या स्नेहसंमेलनांत नाचाच्या जोडीला स्किट असतंच. पोरं बहुधा टीव्हीवरचंच उचलतात. इथल्या एका संमेलनात मात्र एका पोरानं गावातल्या वायरमनचं सोंग घेतलं. खांद्यावर दोर, कमरेला पक्कड, आणि प्रत्येक तक्रारीला कान खाजवत डीपीकडं बघणं. खुद्द वायरमन पुढच्या रांगेत बायकोपोरांसह बसलेले. ते इतके हसले की शेजारच्यानं पाठ थोपटली. संमेलन सुटल्यावर त्यांनी त्या पोराला गाठून सांगितलं, पक्कड उजव्या हाताला लावतात, डावीकडं नव्हं. पोरगं लगेच कमरेची पक्कड काढून बाजू बदलायला लागलं.