कराराचा हिशेब

आमचा विषय मराठी. व्यापाराशी संबंध तो किराणामालाच्या यादीपुरता. परंतु परवा वाळूजच्या एका लहान कारखान्यात निर्यातीचे काम पाहणारा आमचा जुना विद्यार्थी भेटला. व्यापार-करारांविषयी आम्ही सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, करार झाल्याचे पेपरात वाचतो. पण आम्ही तो वापरत नाही."

त्याने मग समजावून सांगितले. करारातील सवलत आपोआप मिळत नाही. माल आपल्याच देशात घडला, त्यात परकीय भाग मर्यादेपलीकडे नाही, हे दाखवणारे प्रमाणपत्र लागते. परदेशातील शुल्क मुळातच दोन-तीन टक्के असेल, तर कागदपत्रांचा खटाटोप सवलतीहून महाग पडतो. मग गिऱ्हाईक पूर्ण शुल्क भरून माल उतरवून घेते.

एकूण व्यापाराच्या बेरजेत मात्र हा मालही कराराच्या खाती जमा होतो. संयुक्त अरब अमिरातीशी केलेला करार १ मे २०२२ रोजी लागू झाला. २०२१-२२ मधील सुमारे ७३ अब्ज डॉलरांचा व्यापार पुढच्या वर्षी ८४ अब्जांवर गेला. वाढ खरीच, पण युक्रेन-युद्धामुळे त्याच सुमारास खनिज तेल भडकले होते, आणि तेल हा तिकडून येणारा मोठा माल. मग यात कराराचे कर्तृत्व किती? करार नसता तर काय घडले असते, याचा अंदाज बांधल्यावाचून ते कळणार नाही. नीती आयोगाच्याच गेल्या दशकातील एका टिपणात, भारतीय निर्यातदार अशा करारांचा वापर ५ ते २५ टक्के एवढाच करतात, असे नमूद आहे.

सरकारला नावे ठेवण्याच्या बेतात आम्ही होतो, तोच महाविद्यालयाचा मूल्यांकन-अहवाल आठवला. इतर संस्थांशी झालेल्या सामंजस्य करारांची संख्या त्यात आम्हीच अभिमानाने लिहिली होती. त्यांतील बहुतेकांतून एखाद्या व्याख्यानापलीकडे काही निष्पन्न झाले नव्हते. तो रकाना आम्ही मोघम शब्दांनी भरला. भाषा हाच आमचा व्यवसाय!

"तू काय मोजशील?" आम्ही विद्यार्थ्याला विचारले होते.

"प्रमाणपत्र किती जणांनी घेतले ते. आणि ज्यांनी घेतले नाही, त्यांना कारण विचारीन."

पुढील अहवाल लिहिताना हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा, असे आम्ही ठरविले आहे. उत्तर छापण्याचे धैर्य होईल की नाही, हे तेव्हाच कळेल.