गोठ्याची चौकट

खजुरीतल्या आमच्या जुन्या घराची एकच कोरीव वस्तू आज आमच्याकडे उरली आहे. तीही गोठ्याला लावलेली होती म्हणून वाचली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. आमचे घर उभे राहिले, पण माळवदाखाली झोपण्याची कुणाची हिंमत होईना. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ते उतरवले. खांब, तुळया, कमळे आणि पोपट कोरलेले हस्त असे सगळे एका व्यापाऱ्याला वजनावर विकले. काय भाव मिळाला ते लिहायची लाज वाटते.

उतरवायला आमचे सुतारमामा होते. त्यांना एकही खिळा उपटावा लागला नाही. भोकात कुसू, वर लाकडी पाचर. पाचर काढली की खांब मोकळा. एका खांबावरची बुजवलेली जुनी भोके दाखवून ते म्हणाले, "हा तुमच्या पणजोबांनीही दुसऱ्या घरातून आणलेला." आम्ही ऐकले आणि खांब गाडीत चढवला. पुढे कळले, भूकंपात कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला होता. दोष दगडमातीचा, आणि विकून टाकले आम्ही लाकूड!

गोठ्याची चौकट सागाची नाही, आमच्याच बांधावरच्या बाभळीची आहे. बाभूळ कठीण, पटाशीची धार लवकर मोडते. म्हणून वेल मोजकीच कोरलेली. ओंडका काही महिने पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवून वापरायचा, म्हणजे कीड लागत नाही. तिफणीला, गाडीला लागेल तेवढेच झाड तोडायचे. शेळ्या शेंगा खात, त्यांच्या लेंड्यांतून नवी रोपे उगवत. आता तिफण लोखंडाची झाली, सुताराला कोणी बोलावत नाही आणि बांधावरच्या बाभळी सरपणाला जातात.

विश्वस्तांच्या परवानगीने ही चौकट आम्ही शाळेच्या वाचनालयाला देत आहोत. उंचीने ती कमी आहे, उंच गुरुजींना वाकावे लागेल. एक कोपरा कुजला आहे. त्यासाठी बाभळीचा ओंडका विहिरीत टाकला आहे. पोहायला येणाऱ्या मुलांनी कृपया त्यावर बसू नये.